आलेख सुंदर, गाडी मात्र गचके खाते

डायनोच्या रोलरवर गाडीची ताकद मोजायची पद्धत ठरलेली असते. गाडी पट्ट्यांनी जखडायची, तोंडासमोर मोठा पंखा लावायचा, चौथा गिअर टाकायचा, अडीच हजार आरपीएमपासून एक्सलेटर तळाला दाबून धरायचा आणि इंजिनला लाल रेघेपर्यंत जाऊ द्यायचं. दहा-पंधरा सेकंदांत सगळं आटोपतं. टॉर्क आणि अश्वशक्तीच्या दोन रेघांचा आलेख छापून मिळतो आणि मालक तो मित्रांना दाखवत सुटतो. दुसऱ्या दिवशी सकाळी हीच गाडी सुरू होता होता दोनदा बंद पडते. सिग्नलला उभी असताना आरपीएमचा काटा ८०० आणि १२०० यांच्यात झोके घेतो. ट्रॅफिकमध्ये दुसऱ्या गिअरला ती गचके खात पुढे सरकते.

मालक म्हणतो, ताकद वाढवून देणाऱ्या ट्यूनरने गाडी बिघडवली. ट्यूनर म्हणतो, आलेख बघा. या भांडणात दोघांचंही खरं असू शकतं, कारण दोघं इंजिनच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांबद्दल बोलत असतात. इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या, म्हणजे ईसीयूच्या, स्मृतीत आकड्यांचे मोठमोठे तक्ते असतात. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला इंजिनवरचा भार, आणि प्रत्येक चौकटीत एक सूचना: इंधन किती सोडायचं, ठिणगी किती अंश आधी टाकायची. एक्सलेटर तळाला दाबला की इंजिन या तक्त्याच्या शेवटच्या काही ओळींतून धावत जातं. ऑफिसला जाताना मात्र आपण पहिल्या काही ओळींतच घोटाळत असतो. एक्सलेटर १५-२० टक्के दाबलेला, आरपीएम दोन हजारांच्या आसपास, मध्येच पाय काढला, पुन्हा ठेवला. डायनोवरच्या ओढीत या चौकटींकडे कोणी फिरकलेलंही नसतं.

कारखान्यात मात्र त्यांच्यावर वर्षं खर्च झालेली असतात. थंडीतल्या स्टार्टसाठी अभियंते गाड्या घेऊन उत्तर स्वीडनमधल्या आर्येप्लोगला जातात, उकाड्यासाठी कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत, विरळ हवेसाठी कोलोरॅडोच्या डोंगरांत. एकट्या थंड स्टार्टची परीक्षा किती वेळखाऊ असते पाहा: इंजिन रात्रभर उभं राहून पुरतं गार झालं की एकदा सुरू करून बघायचं. नोंद घेतली की त्या दिवसाची संधी संपली. ट्यूनरकडे गाडी एक-दोन दिवस असते. त्यामुळे तो मोजके तक्ते बदलतो आणि बाकीच्या ठिकाणी कारखान्याच्या कामावर विसंबतो. यात आळस नाही, व्यवहार आहे. अडचण एवढीच, की कारखान्याचे ते आकडे कारखान्याच्या पाइप, इंजेक्टर आणि सेन्सरवर बेतलेले असतात. भाग बदलला आणि त्याचं वर्णन ईसीयूत बदललं नाही, किंवा अर्धवट बदललं, तर ईसीयू चुकीच्या माहितीवर अचूक हिशेब करत बसतो.

म्हणून ट्यूननंतर गाडी गचके खायला लागली, तर ‘मॅप (म्हणजे ट्यूनरने बदललेले तक्ते) किती आक्रमक आहे’ हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. ईसीयूला कोणता सेन्सर किंवा कोणता तक्ता खोटं सांगतोय, आणि हवेच्या नेमक्या कोणत्या प्रवाहात, हे शोधायचं असतं.

उदाहरणाला एक गाडी घेऊ: अमेरिकेत २००६च्या मॉडेलपासून अडीच लिटरचं टर्बो इंजिन घेऊन आलेली सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स. आपल्याकडच्या रस्त्यांवर ती जवळजवळ दिसत नाही; जनरल मोटर्सने काही वर्षं इथे विकलेली शेवरोले फॉरेस्टर ही तिच्या नात्यातली. तरी उदाहरणाला ती उत्तम, कारण हौशी लोकांनी तिच्या ईसीयूचा तक्ता न् तक्ता उलगडून ठेवला आहे आणि तो वाचायची साधनं मोकळेपणाने मिळतात. तिच्यावर होणारे बदलही ठरलेले: मोठा इंटेक, मोकळा डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाइप), मोठे इंजेक्टर, जोरकस इंधन पंप आणि आवाजाच्या हौसेपायी बाहेर हवा सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह.

इंटेकपासून सुरुवात करू. सर्वांत जास्त घोळ तिथेच होतो.

या गाडीत इंजिनमध्ये जाणारी हवा मोजण्याचं काम मॅफ सेन्सर करतो. त्यात एक तापवलेली बारीक तार असते. जाणारी हवा तिला गार करते, आणि ती पुन्हा गरम ठेवायला किती वीज लागली यावरून हवेचं वजन ताडलं जातं. मात्र तार पाइपच्या सगळ्या रुंदीभर पसरलेली नसते. ती एका छोट्या जागेतून जाणाऱ्या हवेवरून संपूर्ण प्रवाहाचा अंदाज बांधते, आणि त्या अंदाजात पाइपचा व्यास गृहीत धरलेला असतो. समजा, मूळ पाइप ६५ मिमीचा होता आणि नवा ७२ मिमीचा बसवला. क्षेत्रफळ सुमारे २३ टक्के वाढलं. तेवढीच हवा आता सावकाश जाते, तार कमी गार होते आणि सेन्सर जवळजवळ एक पंचमांश हवा कमी असल्याचं सांगतो. ईसीयू त्या मानाने कमी पेट्रोल सोडतो. ट्यूनरने सेन्सरचा तक्ता नव्याने आखला असेल तर हे दुरुस्त होतं. पण तोही बहुतेकदा जास्त प्रवाहाच्या टोकाला नीट आखलेला असतो. आयडलिंगच्या आसपास, जिथे हवा कूर्मगतीने वाहते आणि फिल्टरजवळच्या वळणावर भोवरे उठतात, तिथे अंदाजपंचे काम झालेलं असतं.

ही चूक पकडायला लॅम्डा सेन्सर आहे. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन बघून मिश्रणात पेट्रोल जास्त झालं की हवा जास्त झाली, हे सांगणारा हा सेन्सर बॉशने बनवला आणि १९७६ मध्ये व्होल्वोच्या अमेरिकेसाठीच्या गाड्यांत तो पहिल्यांदा बसला. त्याच्या सांगण्यावरून ईसीयू इंधन सतत कमी-जास्त करतो. या दुरुस्तीला ट्रिम म्हणतात. क्षणाक्षणाला बदलते ती शॉर्ट टर्म ट्रिम. तीच चूक पुन्हा पुन्हा दिसली की ईसीयू ती लक्षात ठेवतो, ती लाँग टर्म ट्रिम. अमेरिकेत १९९६पासूनच्या सगळ्या मोटारींत ओबीडी-टू असल्यामुळे स्वस्तातला स्कॅनरही हे आकडे दाखवतो. डायनोच्या आलेखापेक्षा मला हे आकडे जास्त बोलके वाटतात.

ते कसे वाचायचे? आयडलिंगला ट्रिम अधिक १५ टक्के आणि ५०-६०च्या वेगाला शून्याच्या आसपास असेल, तर मॅफला चुकवून कुठून तरी हवा आत शिरते आहे. फट तेवढीच राहते. थोड्या प्रवाहात तिचा वाटा मोठा दिसतो, प्रवाह वाढला की तो नगण्य होतो. उलट आयडलिंगला सगळं ठीक आणि भार वाढेल तशी ट्रिम अधिककडे चढत जात असेल, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा मॅफ वरच्या टोकाला हवा कमी सांगतोय. पंप, फिल्टर आणि इंटेकचा तक्ता तपासा. सगळीकडे सारखीच अधिक किंवा उणे असेल, तर इंजेक्टरचा आकार चुकीचा भरला आहे, इंधनाचा दाब बदलला आहे, नाहीतर पेट्रोलच वेगळं आहे.

सुबारूचा ईसीयू ही शिकवण हवेच्या प्रवाहाप्रमाणे चार कप्प्यांत साठवतो: सेकंदाला ५.६ ग्रॅमपर्यंत, ५.६ ते १०, १० ते ४० आणि ४०च्या पुढे. पहिला कप्पा साधारण आयडलिंगचा. चौथ्याची गंमत वेगळी. एक्सलेटर पूर्ण दाबल्यावर हा ईसीयू लॅम्डा सेन्सरचं ऐकणं थांबवून थेट तक्त्यावर चालतो, पण चौथ्या कप्प्यात शिकलेली दुरुस्ती तेव्हाही लावतो. हायवेवर किंचित चढ चढताना शिकलेली ८ टक्क्यांची चुकीची वजाबाकी अशी पूर्ण ताकदीच्या वेळी अंगावर येते. डायनोवर बरोबर असलेलं मिश्रण दोन आठवड्यांनी पातळ झालेलं दिसतं, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. मॅप कोणी बदललेला नसतो.

हवेच्या गळतीबद्दल एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. मॅफवर चालणाऱ्या टर्बो गाडीत थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डला, फट असेल तर आयडलिंगला तिथे निर्वात असतो, म्हणून न मोजलेली हवा आत ओढली जाते आणि मिश्रण पातळ होतं. बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, आला की त्याच फटीतून मोजलेली हवा बाहेर पळते आणि मिश्रण घट्ट होतं. खाली अधिक ट्रिम आणि वर काळा धूर अशी जोडी दिसली, की मॅपला हात लावू नये. आधी पाइप, क्लिप आणि गॅस्केट बघावीत. टर्बोच्या तोंडाला टोपी बसवून कॉम्प्रेसरने बेताचा दाब भरायचा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारायचं. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतो, तोच न्याय. ही गळती अनेकदा ट्यूनच्या आधीपासूनची असते. कारखान्याच्या बेताच्या बूस्टला ती झाकलेली राहते, बूस्ट वाढवला की उघडी पडते, आणि दोष ट्यूनरच्या नावावर जमा होतो.

एक्झॉस्टची गळती आणखी फसवी. लॅम्डा सेन्सरच्या आधी हेडरच्या गॅस्केटला चीर असेल, तर एक्झॉस्टच्या धडधडत्या लाटांमधल्या पोकळीत बाहेरची हवा आत खेचली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो ‘पातळ’ म्हणून ओरडतो, आणि ईसीयू चांगल्या मिश्रणात पेट्रोल ओतत राहतो. स्क्रीनवर सगळं जागेवर, प्लग मात्र काळे. स्कॅनरवरचा आकडा आणि प्लगचा रंग यांच्यात भांडण असेल, तर मी प्लगच्या बाजूने उभा राहीन.

आता इंजेक्टर. पूर्ण थ्रॉटलला उत्तम आणि सिग्नलला थरथरणारी गाडी पाहिली की जाणकार माणूस आधी विचारतो, ‘इंजेक्टरची लेटन्सी कुठून घेतली?’ इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडणारा झडपेचा नळ. वीज दिल्याबरोबर तो उघडत नाही. सुई हलायला थोडा वेळ जातो. हा वाया जाणारा वेळ म्हणजे लेटन्सी. तो साधारण एक मिलिसेकंदाच्या आसपास असतो आणि प्रत्येक बनावटीचा वेगळा. ईसीयूला तो माहीत असावा लागतो, कारण हव्या असलेल्या पेट्रोलच्या वेळेत तो तेवढी भर टाकतो.

हिशेब करून पाहू. ६,५०० आरपीएमला इंजिनच्या एका चक्राला, म्हणजे दोन फेऱ्यांना, सुमारे १८.५ मिलिसेकंद मिळतात. इंजेक्टर त्यातला ८० टक्के वेळ उघडा धरला, तर १४.८ मिलिसेकंद झाले. लेटन्सीच्या आकड्यात ०.१ मिलिसेकंदाची चूक असेल, तर इंधनात एक टक्काही फरक पडत नाही. डायनोवर ती दिसणार नाही. आता मोठ्या इंजेक्टरवर आयडलिंग घ्या: समजा, एकूण १.९ मिलिसेकंद, त्यात ०.९ लेटन्सी, प्रत्यक्ष पेट्रोल सुटतं ते फक्त एक मिलिसेकंद. इथे तीच ०.१ची चूक थेट १० टक्क्यांची झाली. इंजेक्टर जितका मोठा, तितकी आयडलिंगची फवारणी आखूड आणि चूक तितकी जड. त्यात भर म्हणजे खूप आखूड वेळेला इंजेक्टरचं वागणं सरळ रेषेत राहत नाही. वेळ दुप्पट केला म्हणून पेट्रोल दुप्पट सुटेलच असं नाही. चांगले विक्रेते यासाठी मोजलेले तक्ते देतात. स्वस्तातल्या संचासोबत एखादाच आकडा मिळतो, कधी तोही नाही.

शिवाय लेटन्सी बॅटरीच्या व्होल्टेजवर अवलंबून असते. व्होल्टेज उतरलं की सुई आळसावते. म्हणून लक्षण असं दिसतं: रात्री सिग्नलला गाडी उभी, हेडलाइट चालू, एसी चालू, मध्येच रेडिएटरचा पंखा सुरू झाला आणि आरपीएम खाली गेले. मालक आयडलिंग वाढवून मागतो. वाढवून दिलं तरी पंखा लागला की काटा डुलतोच, कारण १४.२ व्होल्टवरून १३.२ व्होल्टला आल्यावर तक्त्यातली लेटन्सी खऱ्या लेटन्सीपासून दूर जाते आणि मिश्रण बदलतं. तापलेल्या इंजिनवर पंखा, लाइट, काच तापवणारी तार एकेक चालू करत व्होल्टेज आणि ट्रिमची नोंद ठेवली, तर ट्यूनरला घरबसल्या हा तक्ता दुरुस्त करता येतो. माझ्या मते एवढ्या खर्चात एवढं समाधान देणारी दुसरी दुरुस्ती नाही.

ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचं दुखणं समजायला सोपं. एक्सलेटर सोडला की थ्रॉटल मिटतो, टर्बोने ढकललेली हवा अडते आणि तिला वाट द्यावी लागते. कारखान्याचा व्हॉल्व्ह ती हवा पुन्हा इंटेकमध्ये, मॅफच्या पुढे, परत सोडतो. हौसेचा व्हॉल्व्ह ती ‘प्श्श’ करत बाहेर फेकतो. मॅफने ती मोजलेली असते, म्हणून ईसीयूने तिच्यासाठी पेट्रोलही सोडलेलं असतं. प्रत्येक गिअर बदलताना क्षणभर मिश्रण घट्ट होतं, गाडी एक ढुसणी देते, आणि जोरात येऊन थांबताना कधीकधी बंद पडते. मॅप कितीही घासला तरी हे पुरतं जात नाही. आवाज हवा तर ढुसणी घ्यायची. दुसरा सौदा या मॅफवाल्या गाडीत मिळत नाही.

एक्सलेटर झटकन दाबल्यावर अर्धा क्षण दम कोंडल्यासारखं होत असेल, तर कारण बहुधा इंटेक पोर्टच्या भिंतीवर सापडतं. ज्या इंजिनात पेट्रोल पोर्टमध्ये फवारलं जातं, तिथे त्यातलं काही भिंतीवर पातळ थर होऊन बसतं. थ्रॉटल उघडला की तो थर जाड होत असतो आणि सिलिंडरला तेवढं पेट्रोल कमी मिळतं. म्हणून ईसीयू त्या क्षणापुरती जादा फवारणी करतो. इंजेक्टर बदलले की फवाऱ्याचा आकार बदलतो, थर बदलतो, आणि कारखान्याची ती जादा फवारणी कमी पडते किंवा जास्त होते. थंड इंजिनवर त्रास ठळक, तापल्यावर कमी, ही त्याची खूण.

बूस्टमधल्या तक्रारी वेगळ्या जातीच्या. भार टाकल्यावर इंजिन तडतडतं, मिसिंग करतं, पण हळू चालवताना गुळगुळीत असेल, तर मॅप बाजूला ठेवून प्लग काढावेत. दोन टोकांमध्ये ठिणगी पडायला लागणारं व्होल्टेज वायूचा दाब आणि टोकांमधलं अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं, हे फ्रीड्रिख पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये मांडलं. बूस्ट वाढवला म्हणजे ठिणगी पडतानाचा दाब वाढला. अंतर तेच राहिलं तर जुनी कॉइल तेवढं व्होल्टेज देऊ शकत नाही आणि ठिणगी विझते. ०.८ मिमीचं अंतर ०.७ किंवा त्याहून थोडं कमी केल्यावर हजारो रुपयांची ‘मॅपची समस्या’ नाहीशी झालेली मेकॅनिक मंडळींनी भरपूर पाहिली आहे.

तक्रारींचा एक प्रकार ऋतूवर चालतो. ऑगस्टमध्ये ट्यून केलेली गाडी जानेवारीत, पहाटे, चौथ्या गिअरमध्ये पूर्ण ताकदीला अचानक भिंतीला धडकल्यासारखी थबकते आणि पुन्हा पळते. हा बिघाड नसून रक्षण आहे: बूस्ट मर्यादेबाहेर गेला म्हणून ईसीयूने पेट्रोल तोडलं. ३० अंशांच्या हवेपेक्षा शून्य अंशाची हवा सुमारे ११ टक्के जास्त दाट असते. मोकळ्या डाउनपाइपमुळे एक्झॉस्ट इतकं सहज वाहतं, की मूळच्या लहान वेस्टगेटला टर्बोपासून पुरेसं एक्झॉस्ट वळवता येत नाही आणि आरपीएमबरोबर बूस्ट आपोआप चढत जातो. यावर मर्यादेचा आकडा वाढवून देणारे ट्यूनर आहेत. त्यांच्यापासून लांब राहावं. काम वेस्टगेटचं भोक मोठं करण्याचं आहे.

कधीकधी तर बिघाड नसतोच, पायाच्या सवयीचा प्रश्न असतो. आजच्या गाड्यांत एक्सलेटर आणि थ्रॉटल यांच्यात वायर असते, केबल नाही. पाय २० टक्के दाबला तर थ्रॉटल किती उघडायचा हे तक्ता ठरवतो. गाडी ‘चपळ’ वाटावी म्हणून काही ट्यूनर तो तक्ता सुरुवातीला उभा करून ठेवतात. मग पार्किंगमध्ये पहिल्या गिअरला गाडी हिसके मारते. हे पाच मिनिटांत बदलता येतं. मागावं लागतं एवढंच.

अशा तक्रारी घेऊन मालक ट्यूनरकडे जातो तेव्हा तो सहसा म्हणतो, ‘साहेब, गाडीत मजा नाही.’ ट्यूनरला यातून काहीच हाती लागत नाही. ‘तिसरा गिअर, २,२०० आरपीएम, पाय अगदी हलका, इंजिन तापलेलं, सपाट रस्ता, दोन-तीन सेकंद गचके आणि मग ठीक’ हे वाक्य मात्र सोन्यासारखं, कारण तक्त्यातल्या चौकटीचा पत्ताच त्यात आहे. सोबत लॉग द्यावा: आरपीएम, थ्रॉटल, मॅनिफोल्डचा दाब, मॅफ, लॅम्डा, दोन्ही ट्रिम, ठिणगीची वेळ, नॉकची (म्हणजे अवेळी होणाऱ्या जळणाची) दुरुस्ती, पाण्याचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान, बॅटरी व्होल्टेज. गाडी चालवणारा एक, लॅपटॉप बघणारा दुसरा. हे दोन्ही एकट्याने करू नये. आणि तक्रार सुरू झाल्यापासून एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्लग, फिल्टर आणि मॅप एकाच रविवारी बदलणाऱ्याला सोमवारी गाडी सुधारली तरी कारण कधीच कळत नाही.

बॅटरीची वायर काढून ईसीयू ‘रिसेट’ करण्याची सवयही सोडलेली बरी. त्याने शिकलेल्या ट्रिम पुसल्या जातात, गाडी एक-दोन दिवस ठीक वाटते आणि मग दुखणं परत येतं. त्या पुसलेल्या ट्रिममध्येच तर पुरावा होता. आधी त्यांचा फोटो काढा, मग हवं ते करा. नवा मॅप टाकल्यावर शिकवण शून्यापासून सुरू होते. त्यामुळे पहिल्या एक-दोन टाक्या संपेपर्यंत आयडलिंग थोडं चुकार राहिलं, तर ते क्षम्य आहे.

पेट्रोलची गोष्ट मात्र क्षम्य नाही. सुबारूचा ईसीयू नॉक ऐकतो आणि ठिणगी मागे घेतो. शिवाय एक गुणक सांभाळतो, जो सगळं ठीक असताना १ असतो आणि इंधन हलकं वाटलं की खाली येतो. तो ०.७वर आला की गाडी जड झाल्याची तक्रार येते. ९३ ऑक्टेनवर ट्यून केलेली गाडी कॅलिफोर्नियात नेऊन तिथल्या पंपावरचं ९१ भरलं की हेच होतं. हे आकडे आपल्या आकड्यांशी थेट ताडू नयेत. अमेरिकेत दोन चाचण्यांची सरासरी लिहितात, आपल्याकडे त्यातल्या एकीचाच आकडा, आरओएन. तिथलं ९१ म्हणजे आपल्या हिशेबात साधारण ९५-९६. परदेशातल्या नातेवाइकाच्या गाडीचा मॅप आणि सल्ला इथल्या गाडीला लावणाऱ्यांचा इथेच पाय घसरतो.

आपल्याकडे त्यात इथेनॉलची भर पडली आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्याला सुमारे १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन आठ-नऊ टक्के जास्त हवं. इथेनॉल नसलेल्या महागड्या पेट्रोलवर ट्यून करून घ्यायचं आणि मग रोज साधं ई-ट्वेंटी भरायचं, तर ट्रिम सगळीकडे सारखी अधिककडे सरकलेली दिसेल. काही गाड्यांना हे सहज झेपतं. इंजेक्टर आधीच काठावर असलेल्यांना झेपत नाही. इथे लॅम्डा गेजचाही गोंधळ होतो. ते मुळात लॅम्डा मोजतं आणि बहुधा १४.७ने गुणून आकडा दाखवतं. म्हणून पेट्रोल कुठलंही असो, मिश्रण अचूक असेल तर काटा १४.७च दाखवणार. बोलणी लॅम्डात करावीत, वाद कमी होतात.

घाटाचंही तसंच. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब ८६ किलोपास्कलच्या आसपास, मुंबईत १०१. ईसीयू मॅनिफोल्डमध्ये २०० किलोपास्कल मागत असेल, तर टर्बोला मुंबईत हवा दुप्पट दाबावी लागते आणि वर २.३ पट. काठावर चालवलेला टर्बो तिथे धापा टाकतो आणि गरम हवा पाठवतो. उतरून आलात की गाडी पुन्हा ठीक. आणि हो, भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कारखान्याच्या मूळ वैशिष्ट्यांत फेरफार करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं, आणि २०१९च्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. ट्रॅकवरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी यांत कायदा फरक करतो, तो आपणही करावा.

आतापर्यंतची बहुतेक दुखणी गाडी चालवत चालवत शोधण्यासारखी आहेत. काही नाहीत. बूस्टमध्ये मिश्रण पातळ होत असेल, दर ओढीला नॉकची नोंद येत असेल, किंवा ऑइल भरायच्या झाकणातून निळसर धूर येऊन एका सिलिंडरचं मिसिंग थांबतच नसेल, तर गाडी उभी करायची. सुबारूच्या या अडीच लिटर इंजिनात नॉकमुळे पिस्टनच्या दोन रिंगांमधली भिंत तुटते, ही सर्वांना ठाऊक असलेली कमजोरी आहे. आणि तुटल्यावरचं पहिलं लक्षण अनेकदा साध्या थरथरत्या आयडलिंगचंच असतं. म्हणून आयडलिंगसाठी मॅप पुन्हा उघडण्याआधी कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर दाब धरतो का, तपासून घ्यावं. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांजवळ असतील तर इंटेक, इंजेक्टर, लेटन्सी या क्रमाने शोध चालू ठेवायचा. एकाचा आकडा बराच खाली असेल, तर लॅपटॉप मिटायचा आणि इंजिन उतरवायचं.